सिझेरियननंतर दवाखान्यातून घरी कधी जावं?

एकाच आठवड्यात दोघींचं सिझेरियन होतं. एकीला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी सोडतात, दुसरीला पाचव्या दिवशी. दोन्हीकडचे नातेवाईक चक्रावतात. पहिल्या घरात प्रश्न असतो, "इतक्या लवकर कसं काय सोडलं?" दुसऱ्या घरात शंका, "काही लपवत तर नाहीत ना?"

देशोदेशीचे आकडे पाहिले की गोंधळ वाढतो. ९२ देशांची माहिती एकत्र करून २०१६ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सिझेरियननंतरचा सरासरी मुक्काम सर्वांत कमी २.५ दिवस आणि सर्वांत जास्त ९.३ दिवस निघाला. एवढी तफावत शरीरामुळे पडत नाही. दवाखान्यात खाटा किती, विमा किती दिवसांचे पैसे देतो, तिथली जुनी रीत काय, घरी येऊन तपासणारं कुणी आहे का, अशा गोष्टींवर ती ठरते.

आई आणि बाळ दोघंही ठीक असतील तर दोन ते चार दिवस, हे बऱ्याच ठिकाणचं उत्तर आहे. पण हा आकडा पाठ करून फारसा उपयोग नाही. कोणत्या तासाला कशाचा धोका असतो आणि त्या वेळी आई-बाळाकडे कोण पाहणार आहे, हे कळलं तर "आज जाऊ का?" या प्रश्नाचं उत्तर डॉक्टरांशी बोलून नीट ठरवता येतं.

पोटात नेमकं काय झालेलं असतं

सिझेरियन म्हणजे पोट आणि गर्भाशय उघडून बाळ बाहेर काढणं. त्यासाठी त्वचा, तिच्याखालची चरबी, स्नायूंवरचं जाड पांढरं आवरण, पोटाच्या आतलं पातळ अस्तर आणि शेवटी गर्भाशय, असे थर उघडतात. पोटाचे उभे स्नायू सहसा कापत नाहीत, मधून दोन बाजूंना सारतात. "स्नायू कापल्यामुळे आता पोटात ताकदच राहणार नाही" ही भीती म्हणून खरी नाही.

बाहेरून दिसते ती फक्त त्वचेची जखम, आणि तिच्या कडा साधारण ४८ तासांत एकमेकींना चिकटतात. आतलं जाड आवरण मात्र संथपणे जुळतं. सहा आठवड्यांनीही त्याला पहिली ताकद पूर्ण आलेली नसते. नव्या स्लॅबवर लवकरच चालता येतं, पण खालचं सेंटरिंग काढायला बरेच दिवस थांबावं लागतं, तसंच हे आहे. बाळंतीण तिसऱ्या दिवशी हिंडू-फिरू लागते म्हणून ती बरी झाली असं होत नाही. घरी सोडणं म्हणजे "आता जे बरं व्हायचं आहे ते घरी होऊ शकतं" एवढंच. उरलेलं काम दवाखान्यात दहा दिवस राहूनही पूर्ण होणार नाही.

पहिले २४ तास: इथे घाई नको

सर्वांत मोठा धोका रक्तस्रावाचा. वार सुटून आली की तिच्या जागी गर्भाशयाच्या भिंतीतल्या रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी राहतात. गर्भाशय आवळलं की ती दाबली जातात आणि रक्त थांबतं. गर्भाशय सैल पडलं तर काही मिनिटांत खूप रक्त जाऊ शकतं. म्हणूनच सुरुवातीचे दोन तास दर अर्ध्या तासाने आणि नंतर काही काळ दर तासाला नाडी, रक्तदाब, श्वास आणि अंगावरून जाणारं रक्त तपासायचं असतं. सिस्टर पोटावर हात ठेवून बेंबीजवळ दाबून पाहतात ते गर्भाशय घट्ट आहे का हे कळण्यासाठी. दुखतं, पण ते टाळू नका.

दुसरी गोष्ट भुलेची. कमरेत इंजेक्शन देऊन केलेल्या भुलेने (तिला स्पायनल म्हणतात) पाय काही तास बधिर राहतात. तिच्यासोबत दुखणं कमी ठेवायला मॉर्फिन दिलं असेल तर त्याचा परिणाम जवळपास एक दिवस टिकतो. क्वचित त्याने श्वास मंदावतो, म्हणून तेवढा वेळ देखरेख हवी. त्याच औषधाने अंगाला खाजही सुटते. ती त्रासदायक असली तरी धोक्याची नसते.

तिसरी गोष्ट उठून चालण्याची. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर रक्त लवकर गोठतं. त्यात ऑपरेशन आणि पडून राहणं यांची भर पडली की पायाच्या शिरेत गुठळी होऊ शकते. ती सुटून फुफ्फुसात गेली तर जीवावर बेतू शकतं. पायांत पुरेशी संवेदना आली की त्याच दिवशी, कुणाचा तरी आधार घेऊन, आधी खाटेच्या कडेला बसायचं, मग उभं राहायचं आणि मग चार पावलं टाकायची. एकदम उठलं तर चक्कर येते. कुशीवर वळून, हाताने रेटा देत उठलं की टाक्यांवर ताण कमी पडतो. खोकताना किंवा शिंकताना टाक्यांवर उशी धरावी.

चौथी गोष्ट लघवीची, आणि हिच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. नळी काढल्यावर सहा तासांच्या आत मोकळी लघवी व्हायला हवी. पहिल्या दोन वेळची लघवी मोजावी. दर वेळी साधारण २०० मिलीलीटर किंवा त्याहून जास्त झाली तर बरं. "थोडी थोडी होतेय" यावर समाधान मानू नका. मूत्राशय तुडुंब भरलं की वरचेवर थेंब थेंब सांडू लागतं, आणि असं ताणलेलं मूत्राशय पुढे कित्येक दिवस नीट आवळत नाही. ही तक्रार घरी गेल्यावर लक्षात आली तर उशीर झालेला असतो.

आई घरी जायला तयार आहे हे कसं ओळखायचं

दुसऱ्या दिवसापासून कॅलेंडरपेक्षा आईच्या स्थितीकडे पाहावं. ती आधाराशिवाय संडासापर्यंत जाऊन येते का? साधं खाणं पोटात टिकतं का? नेहमीसारखी लघवी होते का? तोंडाने घ्यायच्या गोळ्यांवर दुखणं इतपत आटोक्यात आहे का, की बाळाला घेऊन बसता येतं? ताप नाही ना? रक्तदाब आणि नाडी ठीक आहेत ना? अंगावरून जाणं कमी होत चाललंय ना? जखम कोरडी आहे ना? ऑपरेशनमध्ये रक्त जास्त गेलं असेल किंवा आईला थकवा, धाप जाणवत असेल तर हिमोग्लोबिन तपासून लोहाच्या गोळ्या किंवा इंजेक्शन ठरवावं लागतं.

आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत मिळायला हवं. लवकर घरी जाण्याच्या गडबडीत ते राहून गेलं तर त्याचा फटका पुढच्या गरोदरपणातल्या बाळाला बसू शकतो.

दुखण्याबद्दल एक गोष्ट आग्रहाने सांगायला हवी. गोळी "सहनच होत नाही तेव्हा" घ्यायची ही सवय सिझेरियननंतर महागात पडते. दुखतं म्हणून आई हालचाल करत नाही, खोल श्वास घेत नाही, बाळाला नीट जवळ घेऊ शकत नाही, आणि सगळंच लांबतं. पहिले तीन-चार दिवस घड्याळ लावून गोळ्या घेणं चांगलं. पॅरासिटामॉल दर सहा तासांनी आणि त्याच्या जोडीला आयबुप्रोफेन दर आठ तासांनी, ही पद्धत खूप ठिकाणी वापरतात, आणि दूध पाजणाऱ्या आईला दोन्ही चालतात. मात्र मूत्रपिंडाचा त्रास, पोटात अल्सर किंवा प्लेटलेट कमी असतील तर आयबुप्रोफेन टाळावं लागतं. त्यामुळे डोस डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. कोडीन असलेल्या गोळ्या दूध पाजताना टाळायच्या. काही आयांच्या शरीरात त्याचं फार झपाट्याने मॉर्फिन होतं आणि ते दुधातून बाळात उतरून त्याचा श्वास मंदावू शकतो.

बाळाचं वेळापत्रक आईपेक्षा वेगळं

लवकर डिस्चार्जचा विषय निघाला की सगळे आईच्या टाक्यांबद्दल बोलतात. खरं तर लवकर सोडल्यावर परत दाखल व्हायची वेळ जास्त करून बाळावर येते. लवकर आणि नेहमीच्या वेळी डिस्चार्ज देऊन केलेल्या चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा लवकर घरी गेलेली बाळं पहिल्या महिन्यात पुन्हा भरती होण्याचं प्रमाण थोडं जास्त आढळलं.

याचं मुख्य कारण कावीळ. पोटात असताना बाळाच्या रक्तात तांबड्या पेशी जास्त असतात. जन्मानंतर त्या फुटतात आणि त्यातून बिलिरुबिन नावाचा पिवळा पदार्थ तयार होतो. यकृत तो पित्तातून आतड्यात टाकतं आणि शीवाटे तो बाहेर जातो. नव्या बाळाचं यकृत या कामात कच्चं असतं. दूध कमी पडलं की शी कमी होते, आणि आतड्यात साचलेलं बिलिरुबिन परत रक्तात शोषलं जातं. पूर्ण दिवसांच्या बाळात त्याची पातळी तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वांत वर पोचते. म्हणजे दुसऱ्या दिवशी घरी गेलेलं बाळ कावीळ सर्वाधिक असताना घरात असतं. बहुतेक बाळांना त्याने काही होत नाही. पण पातळी फारच वाढली तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. ही इजा टाळता येते, निळ्या प्रकाशाखाली ठेवून उपचार सोपा आहे, फक्त वेळेत तपासायला हवं.

कावीळ नुसत्या डोळ्यांनी ओळखणं भरवशाचं नाही. सावळ्या त्वचेत पिवळेपणा लपतो, बल्बच्या उजेडात तर काहीच कळत नाही. निघण्याआधी त्वचेवर ठेवायच्या यंत्राने किंवा रक्ताच्या थेंबाने एकदा मोजून घ्यावं. पहिल्या २४ तासांत दिसलेली कावीळ कधीच साधी समजायची नाही.

दुधाचं गणितही याच दिवसांतलं. सुरुवातीला घट्ट, पिवळसर चीक थोडाच येतो आणि बाळाच्या इवल्या पोटाला तो पुरतो. भरपूर दूध उतरायला दोन ते चार दिवस लागतात. सिझेरियननंतर, विशेषतः कळा सुरू होण्याआधीच ऑपरेशन झालं असेल तर, ते थोडं उशिरा उतरतं. तोवर २४ तासांत ८ ते १२ वेळा बाळाला पाजत राहणं हाच दूध वाढवायचा मार्ग. बाळाचं वजन पहिल्या दिवसांत घटतं. घट जन्माच्या वजनाच्या १० टक्क्यांपर्यंत गेली, म्हणजे ३ किलोचं बाळ २ किलो ७०० ग्रॅमवर आलं, तर पाजणं कुणा जाणत्याने समोर बसून पाहायला हवं. दहा ते चौदा दिवसांत जन्माचं वजन भरून यायला हवं.

वजनकाटा नसताना शू मोजा. पहिल्या दिवशी निदान एकदा, दुसऱ्या दिवशी दोनदा, तिसऱ्या दिवशी तीनदा, आणि पाचव्या दिवसापासून दिवसाला सहा किंवा जास्त. काळी-हिरवी चिकट शी चौथ्या-पाचव्या दिवशी पिवळी व्हायला हवी. चौथ्या दिवशीही काळीच असेल तर दूध पोटात पुरेसं जात नाही असं समजा, मग बाळ कितीही वेळ छातीला लागलेलं दिसत असो.

आणखी दोन तपासण्या वेळेशी बांधलेल्या आहेत. बाळाच्या हातापायाला चिमटा लावून रक्तातला ऑक्सिजन पाहतात. जन्माचे काही हृदयदोष त्यात सापडतात, आणि ही तपासणी २४ तासांनंतर केली तर जास्त विश्वासार्ह ठरते. टाचेतून थेंबभर रक्त घेऊन थायरॉइडसारख्या आजारांची चाचणी करतात, तीही २४ तासांनंतर, शक्यतो ४८ ते ७२ तासांच्या दरम्यान. त्याआधी निघत असाल तर ती कुठे आणि कधी होणार हे विचारून घ्या.

कुणी थांबायलाच हवं

गरोदरपणात रक्तदाब वाढला होता, त्या आईने. बाळ झालं की हा त्रास संपला असं समजलं जातं, आणि ते धोकादायक आहे. प्रसूतीनंतर रक्तदाब तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास पुन्हा चढतो. अशा आईचा रक्तदाब निदान ७२ तास दवाखान्यात, किंवा तितक्याच काळजीने घरी, मोजत राहावा आणि सात ते दहा दिवसांत पुन्हा तपासावा. डोकेदुखी किंवा नजरेचा त्रास असेल तर आणखी आधी.

ताप आलेली, खूप रक्त गेलेली, रक्त चढवावं लागलेली, ऑपरेशनमध्ये मूत्राशयाला किंवा आतड्याला इजा झालेली, मधुमेह आटोक्यात नसलेली आई जास्त दिवस थांबते आणि थांबावंच. बाळ ३७ आठवड्यांच्या आत जन्मलं असेल तर ते दिसायला धडधाकट असलं तरी ओढून दूध पिण्यात कमी पडतं, लवकर थंड पडतं, आणि त्याची कावीळ उशिरा शिगेला पोचते. त्याला ४८ तासांच्या आत घरी नेऊ नये.

मग नियम एवढे वेगळे का?

अमेरिकेत १९९६ साली कायदा झाला. त्यानुसार प्रसूतीच्या मुक्कामाचे पैसे देणाऱ्या विमा कंपनीला सिझेरियननंतर ९६ तासांपेक्षा आणि नैसर्गिक प्रसूतीनंतर ४८ तासांपेक्षा कमी मर्यादा घालता येत नाही. हे ९६ तास म्हणजे राहण्याची सक्ती नव्हे. आई आणि डॉक्टर दोघांचं ठरलं तर आधीही निघता येतं. ब्रिटनमध्ये नाइस या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की आईला ताप नसेल, गुंतागुंत नसेल आणि ती सावरत असेल तर २४ तासांनंतर लवकर घरी जाण्याचा पर्याय द्यावा. हे वाचून "मग आम्हीही उद्याच जातो" म्हणू नये, कारण तिथे घरी गेल्यावर दाई येऊन आई-बाळाला तपासते, आणि तो पर्याय या व्यवस्थेसकट दिलेला आहे. आपल्या बाबतीत अशी सोय नसेल तर मुक्कामाचा एखादा दिवस वाढवणं शहाणपणाचं.

तास मोजताना जन्माच्या वेळेपासून मोजा. रात्री ११ वाजता झालेलं सिझेरियन आणि त्याच तारखेला सकाळी ६ वाजता झालेलं सिझेरियन, दोन्हींचा "दुसरा दिवस" एकच, पण दोन्हींत १७ तासांचं अंतर असतं.

"टाके काढल्याशिवाय कसं जायचं?"

आता बरेचदा त्वचेखालून विरघळणारा टाका घालतात, तो काढावाच लागत नाही. काढायचे टाके किंवा पिना असतील तर आडव्या जखमेच्या साधारण पाच ते सात दिवसांत आणि उभ्या जखमेच्या थोड्या उशिरा काढतात. त्यासाठी दवाखान्यात झोपून राहायची गरज नाही, दिलेल्या दिवशी येऊन जायचं. जखमेत पू झालाच तर तो सहसा चौथ्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान दिसतो, म्हणजे बहुतेक जणी तोवर घरी असतात. जखम घरी रोज बघणं म्हणूनच महत्त्वाचं. पोट खाली ओघळत असेल तर आरसा धरून किंवा दुसऱ्या कुणाकडून पाहून घ्या. अंघोळीनंतर न चोळता टिपून कोरडी करा.

"गॅस पास झाला नाही, तरी खायला देतात आणि सोडतातही!"

गॅस सुटेपर्यंत उपाशी ठेवायची पद्धत जुनी झाली. सिझेरियनमध्ये आतड्याला फारसा हात लागत नाही. गुंतागुंत नसेल आणि भूक असेल तर काही तासांतच खायला द्यावं, त्याने आतडी उलट लवकर हलू लागतात. गॅस एक-दोन दिवसांत सुटतो. शी व्हायला तीन-चार दिवस लागले तरी चालतं. पोट फुगून टणक होणं आणि सोबत उलट्या, हे मात्र वेगळं. तसं असेल तर निघायचं नाही.

"चार दिवस जास्त राहिलं तर बिघडतं कुठे?"

बिघडू शकतं. वॉर्डमध्ये झोप धड होत नाही, इतर रुग्णांकडचे जंतू बाळापर्यंत पोचतात, आणि आई खाटेवर पडून राहिली की गुठळीचा धोका वाढतो. ठोस कारणासाठी थांबणं वेगळं आणि नुसत्या भीतीपोटी थांबणं वेगळं.

निघण्याआधी हातात काय हवं

औषधांची नावं, डोस आणि किती दिवस, हे लिहिलेला कागद. बाळाचं जन्माचं आणि निघतानाचं वजन. काविळीची पातळी आणि ती कितव्या तासाला मोजली. कोणती लस दिली. गुठळी टाळायची इंजेक्शनं घरी घ्यायची असतील तर ती कोण देणार. रात्रीबेरात्री फोन कुणाला करायचा. आणि सर्वांत महत्त्वाचं, बाळाच्या पुढच्या तपासणीची तारीख. ७२ तासांच्या आत घरी जात असाल तर ही तपासणी पुढच्या एक-दोन दिवसांतच हवी. "आठवड्याने या" हे अशा बाळासाठी उशिराचं आहे, तसं स्पष्ट म्हणा आणि तारीख अलीकडची मागा.

पहिले काही आठवडे बाळाच्या वजनाहून जड काही उचलायचं नाही. जिने सावकाश चढायला हरकत नाही.

या गोष्टींसाठी लगेच परत या

तासाभरात पॅड पूर्ण भिजणं, किंवा मोठ्या गुठळ्या पडणं. ३८ अंश सेल्सियस, म्हणजे १००.४ अंश फॅरनहाइट किंवा जास्त ताप. जखम लाल, गरम होणं किंवा वाहणं. अंगावरून घाण वास येणारा स्राव. एकाच पोटरीत दुखणं आणि सूज. अचानक धाप किंवा छातीत दुखणं. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांसमोर चमकणं, बरगडीखाली दुखणं. बसल्यावर वाढणारी आणि आडवं पडल्यावर कमी होणारी डोकेदुखी बहुधा कमरेतल्या भुलेमुळे असते. तिच्यावरही उपचार आहे, सहन करत बसू नका. पहिल्या दोन आठवड्यांत रडू येणं, चिडचिड होणं बऱ्याच जणींना होतं. ते त्यापुढे लांबलं, किंवा स्वतःला वा बाळाला इजा करावीशी वाटली, तर त्याच दिवशी दाखवा.

बाळ दूध ओढत नसेल, उठवूनही जागं होत नसेल, मिनिटाला ६० हून जास्त श्वास घेत असेल, अंग तापलेलं किंवा गार लागत असेल, तळहात-तळपाय पिवळे दिसत असतील, किंवा बारा तासांत शू झाली नसेल, तर सकाळची वाट पाहू नका.

आणि कुठल्याही दवाखान्यात गेलात तरी पहिल्या वाक्यात सांगा, "अमुक दिवसांपूर्वी सिझेरियन झालंय." बाळ कडेवर नसलं तर समोरच्या डॉक्टरला ते कळायला मार्ग नसतो. डोकेदुखी आणि वाढलेला रक्तदाब घेऊन आलेल्या बाईला साधी गोळी देऊन परत पाठवलं जाऊ शकतं. बाळंतपणाला सहा आठवडे झालेले नाहीत हे कळलं, तर तेच डॉक्टर वेगळा विचार करतात.